कार्डावरची रेघ, काचेवरचा थेंब

पावसाळा सुरू झाला की कोकणातल्या रुग्णालयांत तापाचे रुग्ण वाढतात आणि त्यांच्याबरोबर एक जुना वादही दरवर्षी नव्याने उगवतो. एखादा रुग्ण दगावतो, त्याचे मलेरियाचे रॅपिड कार्ड (रक्ताचा थेंब टाकला की रेघ उमटवणारी झटपट चाचणी) निगेटिव्ह आले होते असे कळते, आणि लगेच ‘ही कार्डे बंद करा, काचपट्टीच खरी’ अशी, म्हणजे काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधण्याची, मागणी होऊ लागते. उलट एखाद्या ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञाचे पद रिकामे असल्याची तक्रार कोणी केली, तर ‘आता सूक्ष्मदर्शक हवाच कशाला, वीस मिनिटांत उत्तर देणारे कार्ड आहे ना’ असे ऐकून घ्यावे लागते. दोन्ही बाजूंचे लोक अचूकतेचे टक्के एकमेकांच्या अंगावर फेकतात आणि पाऊस ओसरला की गप्प बसतात. माझ्या मते हा सारा वाद चुकीच्या प्रश्नावर चालला आहे. कार्ड चांगले की काचपट्टी चांगली, हा प्रश्न दोहोंपैकी एकच विकत घेता येत असेल तेव्हा विचारावा. खाटेवर दाखल झालेल्या रुग्णाच्या बाबतीत या दोन चाचण्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. म्हणून माझे म्हणणे असे की, दाखल होणाऱ्या तापाच्या प्रत्येक रुग्णाचे कार्ड पहिल्या अर्ध्या तासात व्हावे, त्याच वेळी रक्ताचा एक थेंब काचेवरही घेतला जावा, आणि कार्डाचे उत्तर काहीही आलेले असो, ती काच वाचली जाईपर्यंत निदान पुरे झाले असे कोणी मानू नये.

कार्ड नेमके काय सांगते ते आधी पाहू, कारण वादातल्या निम्म्या चुका इथूनच सुरू होतात. कार्डावर सोडलेल्या पाच मायक्रोलिटर रक्तात जंतू शोधले जात नाहीत. जंतूंनी रक्तात सोडलेली प्रथिने शोधली जातात. मलेरियाच्या जंतूच्या आपल्याकडे मुख्य जाती दोन, जिवावर बेतू शकणारी फॅल्सिपेरम आणि दुसरी व्हायवॅक्स. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातल्या कार्डावर फॅल्सिपेरमसाठी एचआरपी-२ हे प्रथिन आणि व्हायवॅक्ससाठी त्या जंतूचे लॅक्टेट डिहायड्रोजनेज पकडणाऱ्या दोन रेघा असतात, आणि कार्ड नीट चालले की नाही हे दाखवणारी तिसरी, नियंत्रणाची रेघ असते. काचपट्टीवर मात्र माणूस स्वतःच्या डोळ्यांनी जंतू पाहतो. जाड थरात जंतू आहेत की नाहीत ते कळते, पातळ थरात ते कोणत्या जातीचे आणि कोणत्या अवस्थेतले आहेत ते कळते, आणि दोनशे पांढऱ्या पेशी मोजून होईपर्यंत किती जंतू दिसले यावरून रक्तातल्या त्यांच्या संख्येचा अंदाज येतो. पडवीत टेकवून ठेवलेली ओली छत्री पाहून घरात पाहुणा आला आहे हे ओळखणे, आणि आत जाऊन पाहुण्याची गाठ घेणे, यांत जो फरक आहे तोच इथे आहे. छत्रीवरून ओळखणे खोटे नसते आणि घाईच्या वेळी तेवढे पुरतेही. पण पाहुणा किती जणांचे कुटुंब घेऊन आला आहे ते छत्री सांगत नाही.

कार्डाच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा वेळेचा आहे आणि तो मी कमी लेखत नाही. माझ्या लहानपणी हिवतापाचा कर्मचारी वाडीत यायचा, तापकऱ्याचे बोट टोचून काचेवर थेंब घ्यायचा, भिंतीवर आखलेल्या चौकटीत तारीख टाकायचा आणि मोठ्या माणसाला क्लोरोक्वीनच्या चार गोळ्या त्याच्यासमोर गिळायला लावायचा. ती काच आरोग्य केंद्रात पोहोचायची, तिथे तिच्यासारख्या शेकडो काचा साठलेल्या असायच्या, आणि निकाल येईपर्यंत कधी ताप गेलेला असायचा तर कधी माणूस मुंबईला परतलेला असायचा. त्या चार गोळ्या निदानाच्या आधीचा उपचार होत्या, आणि खरे सांगायचे तर निदानाची जागाही त्यांनीच घेतली होती: गोळ्यांनी ताप उतरला म्हणजे तो मलेरिया, नाही उतरला तर दुसरे काहीतरी. ही रीत क्लोरोक्वीनच्याही आधीची. इंग्रजी अमलात, १८९२ पासून, बंगालमध्ये टपाल कार्यालयांतून क्विनाईनच्या पैशाला एक अशा पुड्या विकल्या जात, आणि रक्त न पाहता औषध देण्याची सवय तेव्हापासून आपल्या अंगवळणी पडली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये ‘संशयित मलेरियाच्या प्रत्येक रुग्णाची आधी चाचणी, मग औषध’ अशी शिफारस केली, ती अमलात येऊ शकली याचे मोठे श्रेय या कार्डांना आहे. जिथे वीज नाही, सूक्ष्मदर्शक नाही, तिथे आशा कार्यकर्तीच्या पिशवीतले कार्ड वीस मिनिटांत उत्तर देते. ज्या कोणाला काचपट्टीचा काळ सोन्याचा वाटतो त्याने त्या साठलेल्या काचा आठवून पाहाव्यात.

रुग्णालयात तर वेळेचा हा मुद्दा अधिकच टोकदार होतो. फॅल्सिपेरमचा गंभीर रुग्ण सकाळपर्यंत थांबत नाही. २००५ मध्ये भारत, बांगलादेश, म्यानमार आणि इंडोनेशिया या चार देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीत, गंभीर मलेरियाच्या रुग्णांपैकी क्विनाईन मिळालेले शंभरांत बावीस दगावले, तर शिरेतून आर्टेसुनेट मिळालेले पंधरा. औषध बदलल्याने इतके प्राण वाचू शकतात. पण औषध कोणते का असेना, ते सुरू करायला कारण हाती हवे. रात्री साडेअकराला शुद्ध हरपत चाललेला रुग्ण येतो, प्रयोगशाळेला कुलूप असते, तंत्रज्ञ राहतो तालुक्याच्या गावी, मध्ये घाट आणि धो धो पाऊस. अशा वेळी ‘काचपट्टी हीच सुवर्णकसोटी’ म्हणून सकाळची वाट पाहणाऱ्या डॉक्टरला मी शास्त्रनिष्ठ म्हणणार नाही. परिचारिकेने लावलेल्या कार्डावर रेघ उमटली तर आर्टेसुनेटचा पहिला डोस त्याच क्षणी गेला पाहिजे.

दुसराही एक मुद्दा कार्डवाल्यांना द्यायला हवा, आणि तो काचपट्टीच्या चाहत्यांना झोंबणारा आहे. काचपट्टीच्या अचूकतेचे जे आकडे सांगितले जातात ते तरबेज डोळ्यांचे आहेत. जाड थराची निदान शंभर दृश्ये तपासल्याशिवाय ती निगेटिव्ह म्हणू नये असा दंडक आहे, पण सकाळच्या गर्दीत साखर, लघवी, हिमोग्लोबिन आणि चाळीस काचा समोर असताना हा दंडक किती ठिकाणी पाळला जातो? जिथे मलेरिया कमी होत गेला आहे तिथे तर अडचण आणखी वाढते. ज्या तंत्रज्ञाने वर्षभरात दोन-तीनच पॉझिटिव्ह काचा पाहिल्या आहेत त्याला तांबड्या पेशीवर बसलेली प्लेटलेट व्हायवॅक्ससारखी दिसू शकते, आणि खरा जंतू रंगाच्या कचऱ्यासारखा. कसोटीचा दगड असून भागत नाही, कस ओळखणारा सोनार लागतो. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला तेव्हा त्यांच्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू घामाने गंजलेले होते आणि उरलेल्या एकुलत्या एका नेत्रभिंगाला तडा गेलेला होता. तरीही त्यांना तो दिसला, कारण त्यांनी आधी शेकडो डास कापलेले होते. कौशल्य राखायला रोजचा सराव लागतो, आणि रोग हटत चालला की सराव आपोआप आटतो.

इतके सगळे मान्य केल्यावर काचपट्टीचा आग्रह कशासाठी? इथे कोकणातला रुग्ण समोर आणला पाहिजे, कारण चाचणीचा अर्थ रुग्णावाचून लागत नाही. भाद्रपदात गावी आलेला चाकरमानी घ्या. मुंबईचा मलेरिया जुना आहे; १९११ मध्ये चार्ल्स बेंटले यांनी तिथल्या मलेरियाचा माग काढला तेव्हा घराघरांतल्या विहिरींत त्यांना डासांची पैदास सापडली आणि विहिरी बुजवण्यावरून शहरात मोठे वादंग माजले. आज तोच ॲनॉफिलीस स्टीफेन्सी जातीचा डास गच्चीवरच्या टाक्यांत आणि बांधकामांवरच्या साचलेल्या पाण्यात वाढतो. मुंबईत मलेरियाचा भर जुलै ते ऑक्टोबर, आणि नेमक्या त्याच दिवसांत लाखो माणसे रेल्वेने आणि एस.टी.ने कोकणात उतरतात. डास चावल्यापासून ताप यायला दीड-दोन आठवडे लागतात, म्हणजे डास चावलेला असतो लालबागच्या चाळीत आणि हुडहुडी भरते गौरी-विसर्जनाच्या दिवशी कणकवलीच्या घरी. हा झाला एक. आंब्याच्या बागेत राखणीला असलेला नेपाळी गडी, मच्छीमार बोटीवरचा परप्रांतीय खलाशी, रस्त्याच्या कामावर ओडिशा-छत्तीसगडमधून आलेला मजूर, हे दुसरे. यांतल्या ओडिशा-छत्तीसगडच्या गावांकडे फॅल्सिपेरम आजही आहे. आणि तिसरा, वर्षानुवर्षे गाव न सोडलेला, लावणीच्या चिखलात दिवसभर उभा राहणारा शेतकरी. त्याच्या तापाचे कारण मलेरिया असण्याची शक्यता थोडी, लेप्टो, म्हणजे चिखलपाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, असण्याची शक्यता खूपच जास्त. या तिघांच्या कार्डांवर सारखीच रेघ उमटली तरी तिचा अर्थ सारखा नसतो.

हे गणित करून पाहण्यासारखे आहे. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०११ च्या एका पाहणीत एचआरपी-२ पकडणाऱ्या कार्डांची अचूकता दोन्ही बाजूंनी पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास भरली होती: शंभर मलेरियाच्या रुग्णांपैकी पंचाण्णवांना ती पॉझिटिव्ह म्हणतात आणि मलेरिया नसलेल्या शंभरांपैकी पंचाण्णवांना निगेटिव्ह. आता समजा, तापाच्या हजार रुग्णांत तीनशे मलेरियाचे आहेत. कार्ड २८५ जणांना अचूक पकडेल आणि मलेरिया नसलेल्या पस्तीस जणांना चुकून पॉझिटिव्ह ठरवेल. रेघेवर विश्वास ठेवायला हरकत नाही. आता समजा, हजारांत वीसच मलेरियाचे आहेत. कार्ड एकोणीस पकडेल, पण उरलेल्या ९८० पैकी एकोणपन्नास जणांच्या कार्डावर खोटी रेघ उमटेल. म्हणजे अडुसष्ट पॉझिटिव्हांपैकी खरे फक्त एकोणीस. आजची चांगली कार्डे याहून सरस आहेत म्हणून खोट्या रेघांचे प्रमाण शेकडा एकच धरले, तरीही एकोणतीस पॉझिटिव्हांमागे दहा खोटे निघतील. कार्ड तेच, रक्त घेणारा हात तोच, केवळ गाव बदलले. रोग जितका विरळ तितकी त्याची पॉझिटिव्ह रेघ संशयास्पद, ही गोष्ट बुद्धीला प्रथम पटत नाही, पण मलेरिया हटवण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या जिल्ह्याने ती पाठ केली पाहिजे.

खोटी रेघ येते कुठून? कधी संधिवाताच्या रुग्णाच्या रक्तातल्या रुमॅटॉइड घटकामुळे, पण रुग्णालयात अधिक वेळा जुन्या मलेरियामुळे. फॅल्सिपेरमचे जंतू औषधाने मेले तरी एचआरपी-२ रक्तात दोन-तीन आठवडे, कधी त्याहूनही जास्त दिवस रेंगाळते. पाहुणा गेलेला असतो, छत्री विसरलेली असते. मी स्वतः पाहिलेला एक खलाशी मला आजही आठवतो. किनाऱ्यावरच्या एका रुग्णालयात तो ताप, काविळीची झाक आणि पोटऱ्यांतल्या असह्य ठणक्याने दाखल झाला. कार्डावर फॅल्सिपेरमची ठसठशीत रेघ आली, सगळ्यांना हायसे वाटले, आणि उपचार सुरू झाले. दोन दिवस गेले, ताप हलेना, लघवी कमी होत गेली. तिसऱ्या दिवशी त्याच्या सोबत्याने सहज सांगितले की दुसऱ्या एका बंदरात तीन आठवड्यांपूर्वीच याला मलेरियाच्या गोळ्या दिल्या होत्या. काचपट्टी पहिल्या दिवशी काढलेली होती पण ती ट्रेमध्येच पडून होती. वाचली तेव्हा तीत एकही जंतू नव्हता. त्याला लेप्टो होता. मूत्रपिंडे सावरली म्हणून तो वाचला, पण ते दोन दिवस त्या रेघेने खाल्ले होते. चूक कार्डाची होती असे मी म्हणणार नाही. जे विचारले त्याचे त्याने बरोबर उत्तर दिले: या रक्तात फॅल्सिपेरमचे प्रथिन आहे. तापाचे कारण काय, हे त्याला कोणी विचारले नव्हते आणि त्याला ते ठाऊकही नव्हते.

हे एकट्यादुकट्या रुग्णापुरते नाही. टांझानियातल्या रुग्णालयांचा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास प्रत्येक वॉर्डात वाचला जावा असा आहे. गंभीर मलेरिया म्हणून दाखल करून उपचार दिलेल्या हजारो रुग्णांच्या काचा नीट तपासल्या तेव्हा निम्म्याहून कमी लोकांच्या रक्तात जंतू निघाले, आणि मृत्यूचे प्रमाण जंतू असलेल्यांपेक्षा नसलेल्यांत जास्त होते. मलेरियाचे नाव लागले की बाकीच्या तापांची चौकशी थांबते, आणि ज्याला प्रतिजैविक हवे होते त्याला मलेरियाचे औषध मिळत राहते, हा त्याचा अर्थ. टांझानियात मलेरिया सर्वत्र होता म्हणून तिथे ही चूक झाली, आपल्याकडे कशी होईल, असे कोणी म्हणेल. पण आपल्याकडे तर एकच थेंब घेऊन डेंग्यू, टायफॉइड, लेप्टो आणि मलेरिया यांची कार्डे एकाच वेळी लावण्याची पद्धत पडली आहे. चार कार्डे लावली तर एखाद्यावर तरी फिकट रेघ येण्याची शक्यता चौपटीच्या घरात जाते, आणि ज्याच्यावर रेघ आली त्याचाच आजार असे ठरते.

मग निगेटिव्ह कार्डाचे काय? इथे आकडे कार्डाच्या बाजूने आहेत हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. वरच्या दुसऱ्या उदाहरणात ९३२ निगेटिव्हांत मलेरियाचा रुग्ण फक्त एक सुटला. बाह्यरुग्ण विभागात, ठणठणीत चालत आलेल्या आणि गावाबाहेर न गेलेल्या माणसाचे कार्ड निगेटिव्ह आले तर त्याला क्लोरोक्वीन देऊ नये, हे बरोबरच आहे. परंतु खाटेवरचा रुग्ण हजारांतला कोणीतरी एक नसतो. मुंबईहून आठवड्यापूर्वी आलेला, थंडी वाजून ताप येणारा, प्लेटलेट पन्नास हजारांवर उतरलेला रुग्ण हजारांत वीस या हिशेबात बसत नाही. त्याच्या बाबतीत मलेरियाची शंका आधीच एवढी दाट असते की एका निगेटिव्ह कार्डाने ती विरळ होत नाही. त्यात कार्ड चुकण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. रक्तातले जंतू मायक्रोलिटरला दोनशेच्या खाली असतील तर रेघ न उमटण्याचा संभव वाढतो, आणि अर्धवट औषध घेऊन आलेल्यांत किंवा आजाराच्या अगदी सुरुवातीला असेच असते. क्वचित याच्या नेमके उलटही होते: जंतू अतोनात वाढले की प्रथिनांचा इतका पूर येतो की त्यांना पकडणारी कार्डावरची प्रतिपिंडे गुदमरतात आणि सर्वांत गंभीर रुग्णाची रेघ फिकट पडते किंवा उमटतच नाही. शिवाय २०१० मध्ये पेरू देशातून फॅल्सिपेरमचे असे वाण नोंदवले गेले की ज्यांच्यात एचआरपी-२ तयार करणारे जनुकच नव्हते. पुढे आफ्रिकेत, विशेषतः एरिट्रियात, असे जंतू मोठ्या संख्येने आढळले. भारतातही ते थोड्या प्रमाणात सापडले आहेत. या जंतूला कार्ड पाहूच शकत नाही. काचपट्टीला त्याचे जनुक काय आहे याच्याशी कर्तव्य नाही, तो डोळ्यांना दिसतो.

कोकणची हवा हाही एक मुद्दा आहे, आणि शहरात बसून नियम करणाऱ्यांना तो किरकोळ वाटतो. कार्डे ओलाव्याला आणि उष्णतेला भितात. म्हणून तर प्रत्येकाच्या पाकिटात ओल शोषणारी पुडी असते आणि पाकीट फोडल्यावर लगेच वापरावे अशी सूचना असते. आषाढात ज्या कपाटात ठेवलेल्या चामड्याच्या चपलांना चार दिवसांत बुरशी येते त्याच कपाटात घाईच्या वेळी हाताशी असावी म्हणून पाकिटे आधीच फोडून ठेवलेली मी पाहिली आहेत. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या भांडारात खोकी तापत पडतात ते वेगळेच. उत्तर ठरलेल्या मिनिटाला वाचायचे असते, पण परिचारिका तीस खाटांमागे एकटी. कार्ड लावले, सलाईन बदलायला गेली, तासाने परत आली आणि तेव्हा वाळून उमटलेली फिकट रेघ तिने पॉझिटिव्ह म्हणून लिहिली. अशा कार्डाचा दोष कंपनीच्या माथी मारता येत नाही.

आपण एक द्रुत चाचणी याआधी अशीच बिघडवलेली आहे, तिची आठवण इथे करून द्यावीशी वाटते. फर्नांद विडाल यांनी १८९६ मध्ये विषमज्वराची (टायफॉइडची) रक्तचाचणी बसवली. ती करायला सोपी, स्वस्त आणि त्या काळाच्या मानाने अद्भुत होती. तिचा नियम असा की आठवड्या-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त घ्यावे आणि प्रतिपिंडांचे प्रमाण वाढले का ते पाहावे. खात्री हवी असेल तर रक्ताचे कल्चर करावे, म्हणजे त्यातले जंतू वाढवून पाहावेत. आपण दुसरे रक्त घेणे सोडून दिले, कल्चर सोडून दिले, आणि एकदाच केलेल्या ‘विडाल’वर गावोगाव टायफॉइडची निदाने होऊ लागली. ज्या देशात विषमज्वर होऊन गेलेली माणसे जागोजाग आहेत तिथे असे एकटे उत्तर फारसे काही सांगत नाही, हे माहीत असूनही. चाचणी वाईट नव्हती. तिच्या मागची दुसरी पायरी गळून पडली. मलेरियाच्या कार्डाचे तसे होऊ लागले आहे अशी माझी धास्ती आहे, आणि त्याची दुसरी पायरी म्हणजे ती काच.

निदान झाल्यानंतरचा भाग तर या वादात कोणी उच्चारतही नाही. रुग्णालयातल्या रुग्णाला मलेरिया आहे एवढे कळून डॉक्टरचे काम संपत नाही. जंतू किती आहेत? शंभर तांबड्या पेशींपैकी दहांहून अधिकांत जंतू असतील तर बाकी लक्षणे सौम्य दिसली तरी तो गंभीर मलेरिया धरायचा असतो. औषध लागू पडते आहे का? ते पाहण्यासाठी रोज काच करून जंतूंची संख्या उतरते का ते मोजतात, आणि तिसऱ्या दिवशीही जंतू दिसत राहिले तर औषधाबद्दल शंका घ्यावी लागते. कार्डाची एचआरपी-२ रेघ मात्र रुग्ण बरा होऊन घरी गेला तरी तशीच असते. तिच्यावरून काही मोजता येत नाही. ‘डॉक्टरांनू, कार्डार अजून रेघ दिसता, मगे बरो कसो झालो?’ असे नातेवाइकांनी विचारले की उत्तर देताना आपलीच तारांबळ उडते. जातीचा प्रश्नही आहेच. दोन रेघांचे कार्ड फॅल्सिपेरम आणि व्हायवॅक्स यांपलीकडची जात ओळखण्यासाठी केलेले नाही. व्हायवॅक्स ठरला तर यकृतात दडलेले जंतू मारायला चौदा दिवस प्रायमाक्वीन द्यावे लागते, आणि जी-सिक्स-पीडी हे विकर (एन्झाइम) कमी असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी त्या औषधाने फुटू शकतात. खोट्या रेघेवरून चौदा दिवसांचे असे औषध कोणी द्यावे?

यावर शेवटचा आक्षेप खर्चाचा असतो: प्रत्येकाच्या दोन-दोन तपासण्या करणे ही चैन नव्हे काय? खर्च कशाचा ते नीट पाहू. काच पुन्हा धुऊन वापरता येते. रंग म्हणाल तर आपल्याकडचा जेएसबी रंग जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी या दोघांनी १९४४ मध्ये इथल्याच गरजेतून तयार केला, आणि स्वस्त व झटपट म्हणून तो राष्ट्रीय कार्यक्रमात रुळला. खरा खर्च आहे तो माणसाचा, आणि तोच टाळण्यासाठी कार्डाचे नाव पुढे केले जाते. तंत्रज्ञाचे पद भरले नाही, की ‘रॅपिड उपलब्ध आहे’ हे वाक्य कागदावर फार सोयीचे पडते. याआधी आपण असेच केले होते. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होतो आणि आठ लाख मरतात असा अंदाज होता. १९६५ च्या सुमारास रुग्ण एका लाखावर आले. रोग संपला असे वाटून पाळत सैल पडली, डीडीटीची टंचाई झाली, डास त्याला दाद देईनासे झाले, आणि १९७६ मध्ये रुग्णसंख्या पुन्हा चौसष्ट लाखांच्या वर गेली. तेव्हाचा भरवसा एका फवाऱ्यावर होता, आजचा एका कार्डावर आहे. २०३० पर्यंत मलेरिया देशातून घालवायचे ध्येय आहे. त्या वेळी शिल्लक राहिलेला प्रत्येक रुग्ण बाहेरून आलेला, कमी जंतूंचा, चटकन न ओळखू येणारा असेल, आणि त्याला ओळखणारे डोळे तोवर निवृत्त झालेले असतील.

प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात चोवीस तास तरबेज तंत्रज्ञ ठेवा, असे मी म्हणत नाही; ते होणार नाही हे मलाही दिसते. रात्री कार्ड लावावे, त्याच टोचणीतून जाड आणि पातळ थर काढून ठेवावेत (हे परिचारिकेला एका दुपारी शिकवता येते), आणि सकाळी ते वाचले जावेत. तालुक्यातल्या दोन-तीन रुग्णालयांत मिळून एक पक्का सूक्ष्मदर्शक-तज्ज्ञ असला तरी चालेल, मात्र त्याच्या हाताखालून जुन्या पॉझिटिव्ह काचा सतत जात राहाव्यात म्हणजे नजर बोथट होणार नाही. कार्ड निगेटिव्ह आणि संशय दाट असेल तर बारा ते चोवीस तासांनी दुसरी काच, आणि लागली तर तिसरी. कार्ड पॉझिटिव्ह आणि काच निगेटिव्ह असेल तर औषध तोडू नये, पण गेल्या महिन्यात मलेरिया झाला होता का ते विचारावे आणि लेप्टो, डेंग्यू, स्क्रब टायफस, काजूच्या हंगामात दोडामार्गाकडचा असेल तर माकडतापही, यांची चौकशी चालू ठेवावी. केसपेपरवर कार्ड लावल्याची आणि वाचल्याची अशा दोन वेळा लिहाव्यात. आणि रात्री साडेअकराला आलेल्या रुग्णाची काच सकाळी नऊच्या आत कोण वाचणार, त्याचे नाव वॉर्डातल्या फळ्यावर असावे. आज बहुतेक फळ्यांवर रुग्णवाहिकेच्या चालकाचा मोबाइल क्रमांक ठळक अक्षरांत असतो. त्याच्या खालची ओळ कोरी असते.